अर्धवट लिहिलेल्याचा राखणदार

प्रिय मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी माझा ब्लॉग उघडलात आणि हसलात. "आजी, कसली कसली जुनी प्लगिन्स आहेत यात. नाताळला आलो की सगळी उडवतो आणि नवी टाकून देतो," असं धाकटीनं सांगितलं. तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि कॉलवर मला लांबण लावता येत नाही. म्हणून तुम्ही येण्याआधी हे लिहून पाठवते आहे. ठेवायचं की उडवायचं ते तुम्ही ठरवा. पण ज्याचं काम उडवणार तो माणूस कसा होता, हे आधी माहीत असलेलं बरं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि जन्मभर मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे मलाही जड गेलं नसतं. पण तो माणूस मला इंग्रजीत ऐकूच येत नाही. अडेल तिथे आईला विचारा.

त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते आवडायचं नाही. समोर मी त्याला 'तुम्ही' म्हणत असे आणि तो मला 'बाई'. शिरूरमध्ये शाळेत शिकवलेल्या बाईला पोस्टमनपासून पाळकसाहेबांपर्यंत सगळे बाईच म्हणतात. लिहिताना मात्र मी 'तो' म्हणणार आहे, कारण वयानं तो तुमच्या आईपेक्षा थोडाच मोठा. आपल्या गच्चीवरच्या खोलीत तो काही वर्षं भाड्यानं राहिला.

मला तो आधी पायांच्या आवाजानं कळला. गच्चीवर तो सतत चालायचा. टाकीपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत, परत टाकीपाशी. खाली स्वयंपाकघरात बसून मला वर काय चाललंय ते समजायला लागलं. पावलं लांब आणि एकसारखी पडत असली की काम सुचतंय. भराभर आखूड पडायला लागली की काहीतरी मोडलंय. आणि पावलं मध्येच थांबली की मी भाजी चिरायची थांबत असे, कारण त्यानंतर तो जिना उतरून थेट माझ्याकडेच यायचा.

खोलीत टेबल होतं, खुर्ची होती. खुर्चीवर त्यानं कपडे ठेवले आणि टेबलावर भांडी. काम करायला त्यानं बाजारातून इस्त्रीचं उंच टेबल आणलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि उभ्यानं टाइप करायला लागला. बसलं की डोकं बसतं, असं त्याचं म्हणणं. जेवणही उभ्यानंच. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं दोरीवरचे कपडे सरळ करणं चालू. मी एकदा ताट वाढून खाली बोलावलं, तर पहिला घास घेऊन तो ताटासकट खिडकीशी गेला आणि आपल्या पेरूचं झाड बघत जेवला.

तो करायचा काय, हे मी आमच्या महिला मंडळात असं समजावलं होतं: ब्लॉग चालवायला एक मोठं तयार सॉफ्टवेअर मिळतं, तो मिक्सर. त्याला लावायची वेगवेगळी भांडी असतात, ती प्लगिन. हा माणूस भांडी करतो. मंडळातल्या बायकांना लगेच कळलं. त्यालाही ही उपमा आवडली, फक्त त्यानं दुरुस्ती सुचवली की तो भांड्यांची झाकणं करतो.

खरंच सगळी झाकणंच होती. एक प्लगिन असं की व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की त्यातली फुलं, रंग, नको ते ठळक ठसे काढून टाकायचं. आपल्या चर्चच्या सूचनांसाठी त्यानं ते केलं, कारण एका आदरणीय वडील सभासदांनी मयताच्या बातमीला फुगे लावले होते. दुसरं एक मोबाइलवरचे अवाढव्य फोटो लहान करायचं, म्हणजे कमी नेटवरही पान उघडेल. तिसरं, एखादा लेख पुसायला निघालात तर त्या लेखाच्या पहिल्या दोन ओळी दाखवून मगच विचारायचं की पुसू का. नुसतं 'नक्की ना' असं विचारलं तर लोक न वाचता हो म्हणतात, असं त्याचं निरीक्षण.

आणि सगळ्यांत जास्त चाललेलं ते लाइटचं प्लगिन. शिरूरची लाइट तुम्हाला माहीत आहे. लेख लिहिता लिहिता लाइट गेली, नेटही गेलं, तर लिहिलेलं सगळं गेलं. याचं प्लगिन तुम्ही टाइप कराल तसं गुपचूप तुमच्याच मशीनमध्ये साठवत राहायचं. लाइट आली, पान उघडलं की अर्धवट वाक्य जिथे सोडलं तिथेच तुमची वाट बघत उभं. लेखच नाही, प्रतिक्रिया, चौकशीचे अर्ज, कुठल्याही रिकाम्या चौकटीत लिहिलेलं. पुढे जगभर कुठल्या कुठल्या देशांत ते लोकांनी बसवलं. हा ते फुकट देत असे. खायला तो गावातल्या दुकानांच्या, शाळांच्या वेबसाइट करून मिळवायचा, आणि ती कामं त्याला अजिबात आवडत नसत.

या लाइटच्या प्लगिनपायी माझ्या शिस्तीचं वाटोळं झालं. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे त्यावर लाइट जाऊन कळत नाही. माझा डेस्कटॉप मात्र तुमच्या आजोबांनी घेतलेला, त्याचा यूपीएस केव्हाच मेलेला. म्हणून चाचणी माझ्या डेस्कटॉपवर. मी लिहायला बसायचं आणि त्यानं जिन्याखालचा मेन स्विच ओढायचा. कधी ओढणार हे सांगायचं नाही, कारण लाइट काय सांगून जाते का. मिक्सरमध्ये चटणी अर्धी, वॉशिंग मशीनमध्ये कपडे अर्धे, आणि मी अंधाऱ्या पडद्याकडे बघत बसलेली. शेवटी मी नियम केला की स्विच ओढण्याआधी घंटा वाजवायची. त्यानं शाळेतल्यासारखी पितळी घंटा आणून जिन्यापाशी टांगली आणि स्विच ओढून झाल्यावर ती वाजवायला लागला.

काही दिवसांनी त्यानं मला कामावरून काढलं. "तुमचा उपेग न्हाई बाई," तो म्हणाला. "तुम्ही चुकतच न्हाई. शीर्षक आधी, मजकूर मागून, शेवटी पूर्णविराम. असं कोण लिहितंय का?"

मला जन्मात कुणी असं बोललं नव्हतं. मग त्यानं चुकणारी माणसं आणायला सुरुवात केली. गॅस सिलिंडरवाला सिलिंडर खाली ठेवून माझ्या डेस्कटॉपसमोर बसायचा. भाजीवाली गाडा दाराशी लावून आत यायची. कारेगावला खोली घेऊन राहणारा बिहारचा एक वेल्डर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम यायचा आणि हिंदीत गावाकडचं लिहायचा. त्याला लिहिण्याची गोडी लागली होती. प्रत्येकाला हा एकच सांगायचा, मनाला येईल ते दाबा. त्यांनी चुकीचं बटण दाबलं की याचा चेहरा खुलायचा. भाजीवालीनं एकदा एकच बटण कोथिंबिरीची जुडी आपटावी तसं आठ-दहा वेळा दाबलं आणि तिचा मजकूर तितक्या वेळा साठवला गेला. ती ओशाळली. हा म्हणाला, "मावशी, तुमी न्हाई चुकला. बटण चुकीच्या जागी हाय." आणि तिची उरलेली कोथिंबीर विकत घेऊन गच्चीवर पळाला. चूक माणसाची नसते, जागेची असते, हे वाक्य तो दिवसातून कितीदा तरी म्हणायचा.

मला त्यानं दुसरं काम दिलं. प्लगिननं माणसाशी जी वाक्यं बोलायची ती इंग्रजीत असत, ती मी तपासायची. मला वाटलं, व्याकरण बघायचं असेल. मी व्याकरण बघून दिलं. त्यानं वाचलं, खोलीभर एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाई, हे वाक्य रागावतंय." मी पुन्हा लिहिलं. ते त्याला लाचार वाटलं. ज्या माणसाचं लिहिलेलं आत्ताच गेलंय आणि परत सापडलंय त्याच्याशी बोलायचं आहे, त्याला ना रागवायचं ना थोपटायचं, असं त्याचं मागणं होतं. एका ओळीवर आम्ही आठवडा घालवला. शेवटी 'तुम्ही इथपर्यंत आला होतात' एवढाच अर्थ असलेली साधी ओळ ठरली. एवढं बारीक इंग्रजी मी कुठल्याच वर्गावर शिकवलं नव्हतं.

ज्यांनी हे प्लगिन बसवलं ते लोक त्याच्या दृष्टीनं शेजारच्याच आळीत राहायचे. त्यांची नावं तो लक्षात ठेवत नसे, दुखणं लक्षात ठेवायचा. सकाळी चहाला उभा राहिला की सांगायचा, पोर्तुगालवाल्याचं आज बरं आहे. आपली लेकुरवाळी परत अडकली. तिचं पोर कीबोर्डवर चढतं. ब्लॉगच्या मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यायची असली की हा दोन दिवस आधीपासून पाण्याबाहेरच्या माशासारखा. मिक्सर बदलला आणि झाकण बसलं नाही तर? मी एकदा विचारलं की तुम्ही स्वतः ब्लॉग का लिहीत नाही. त्यानं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "मी काय लिहू? माझ्याकडं लिहायला काय हाय?"

हे वेड त्याला कुठून लागलं ते मला बऱ्याच काळानं कळलं, आणि तेही त्याच्या बायकोकडून.

आधी तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभाल विभागात होता. तिथे पत्रा दाबणारी मोठी प्रेस मशिनं असतात. हात आत असताना मशीन चालू नये म्हणून दाराला एक स्विच असतो. एका मशीनचा तो स्विच कुणीतरी तारेनं बांधून ठेवला होता, म्हणजे दार उघडं असलं तरी मशीन चालेल आणि माल लवकर निघेल. कितीतरी दिवस ते तसंच चाललं होतं आणि कुणाच्या बोटाला काही झालं नव्हतं. त्यानं तार पाहिली, वर जाऊन सांगितलं. काही झालंय का, असं वरून विचारण्यात आलं. काही झालेलं नाही, हे त्यालाही मान्य करावं लागलं. मशीन चालूच राहिलं.

आता त्या लोकांची एक रीत समजून घ्या, पुढे लागणार आहे. देखभालीचा माणूस मशीनमध्ये हात घालण्याआधी मशीनचा मेन स्विच बंद करतो आणि त्यावर स्वतःचं कुलूप लावतो. लाल रंगाचं, स्वतःचं नाव असलेलं. किल्ली स्वतःच्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. साहेबानंसुद्धा दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. काम संपायच्या आत पाळी बदलली तर नव्या माणसानं आधी आपलं कुलूप लावायचं, त्यासाठी स्विचला कुलपं अडकवायची लोखंडी पट्टी असते आणि तिला जादा भोकं असतात, आणि मगच जुन्यानं आपलं काढायचं. मध्ये क्षणभरही स्विच उघडा ठेवायचा नाही.

यानं त्या मशीनला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, मोटरसायकल काढली आणि न्हावऱ्यावरून थेट खुटबावला घरी निघून गेला. फोन बंद. तिकडे पूर्ण पाळी मशीन उभं. दुसऱ्या दिवशी तो परत आला, तार निघालेली पाहिली, कुलूप काढलं आणि राजीनामा दिला. त्याची बायको मला सांगत होती की कुलूप लावून घरी आले त्या दिवशी त्यांनी विहिरीभोवती फेऱ्या मारल्या, सासरे म्हणाले मोटर जळली का काय. "काय झालं न्हाई त्याचाच ह्यांला लई तरास," असं ती म्हणाली. इतक्या कमी शब्दांत हा माणूस मला तरी सांगता आला नसता.

तिच्याविषयी सांगायला हवं. तिचं माहेर राहू गावचं, सासर खुटबावचं. खुटबावला तिचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान होतं, अजून आहे. सातबारा, पीक विमा, जातीचे दाखले, पोरांचे परीक्षेचे अर्ज, गावकऱ्यांच्या तक्रारी. स्वभावानं रोखठोक. महिन्यातून केव्हातरी ती चौफुल्याहून एसटीनं यायची, पिशवीत राहूच्या गुऱ्हाळावरचा गूळ. नोकरी सोडल्यावर नवऱ्यानं घरी यावं अशी तिची साधी अपेक्षा होती. खुटबावला नेट धड नाही म्हणून तो शिरूरला राहिला होता. पुढे खुटबावलाही चांगलं नेट आलं, तरी तो राहिलाच. दर वेळी एक नवीन कारण असायचं: आवृत्ती येते आहे, पोर्तुगालवाला अडकला आहे.

"ह्यांला एकदा खाली बसून जेवताना दाखवा बाई," ती मला म्हणाली, "मी तुमच्या चर्चमधी येऊन मेणबत्ती लावते."

आमच्यात मेणबत्त्या लावत नाहीत, असं मी सांगितलं.

"मग काय लावता ते लावते."

अशातच एका कंपनीची मेल आली. त्यांना लाइटचं प्लगिन विकत हवं होतं, ज्यांनी ते बसवलं त्या सगळ्या लोकांसकट. किंमत चांगली होती, पण बायकोनं ती नीट ऐकलीसुद्धा नाही. तिला पैसे नको होते, नवरा हवा होता. माझ्याच ओसरीवर तिनं त्याला सांगितलं की विकून मोकळे व्हा आणि घरी चला. "त्या माणसांची नावंसुदिक तुमाला म्हाईत न्हाईत. त्यांची काळजी करता करता माझं नाव इसरायची येळ आली. आता मी परत यायची न्हाई. विका, न्हाईतर हितंच ऱ्हावा."

त्या आठवड्यात गच्चीवरची पावलं मला ओळखू येईनात. लांब पडायची, मध्येच आखूड व्हायची, जिन्यापर्यंत येऊन परत फिरायची. खाली यायचीच नाहीत. शेवटी आला तेव्हा त्यानं मला कंपनीला इंग्रजीत उत्तर लिहायला सांगितलं: विकायला तयार आहे, पण जो माणूस हे सांभाळणार त्यानं स्वतः शिरूरला यायचं, समोर बसायचं आणि पाळी ताब्यात घ्यायची. मी म्हटलं, अशी मेल वाचून ते हसतील. तो म्हणाला, हसू देत, यायला तर पाहिजे.

आणि एक जण खरंच आला. पुण्याहून, स्वतःच्या गाडीनं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, मराठी बोलणारा, चांगल्या वळणाचा मुलगा. चपला बाहेर काढून आत आला आणि मला वाकून नमस्कार केला. बायकोही त्या दिवशी आली होती. नवरा सुटणार म्हणून तिनं माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं आणि गुळाच्या पोळ्या करत होती.

यानं पाहुण्याला डेस्कटॉपसमोर बसवलं, काहीतरी लिहा म्हणाला आणि जाऊन स्विच ओढला. घंटा अर्थातच नंतर. मग लाइट लावली. पाहुण्याची अर्धी ओळ पडद्यावर परत आली आणि वर आमची आठवड्याची ओळ: तुम्ही इथपर्यंत आला होतात. मुलगा मनापासून हसला. "सॉलिड आहे, सर."

मग यानं खिशातून ते लाल कुलूप आणि भोकांची पट्टी काढून माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि कारखान्याची रीत समजावून सांगितली. माझ्यानंतर कुणाचं नाव, एवढाच त्याचा प्रश्न होता.

पाहुणा म्हणाला की आमच्याकडे टीम असते, असं एकाचं नाव नसतं.

"मग एखाद्याचं लिहिलेलं गेलं तर तो कुणाला विचारणार?"

सपोर्टला मेल करायची, असं उत्तर आलं. हा दारापर्यंत गेला, परत आला. मग मला सुचला नसता असा प्रश्न त्यानं विचारला. असलं प्लगिन तुमची पोरं आठवड्यात करतील, मग माझंच कशाला पाहिजे?

मुलगा प्रामाणिक होता, हे मला नमूद केलं पाहिजे. तो म्हणाला, "प्लगिन नको, सर. ते जिथे बसलंय ती जागा पाहिजे. लोक जे प्रसिद्ध करतात ते सगळ्यांनाच मिळतं. लिहून खोडतात ते कुणाकडेच नाही. आत्ता तुमचं प्लगिन ते साठवतं आणि ते त्यांच्या त्यांच्या मशीनवर पडून असतं. आम्ही ते फक्त आमच्याकडे आणणार. नाव-गाव काढून. नवीन एआय सिस्टिम्सना शिकवायला असा मजकूर फार मोलाचा असतो."

लोकांना विचारणार का, यानं विचारलं. अपडेटच्या अटींमध्ये येईल, असं तो म्हणाला.

तुम्हाला लिहिलेली आणि मग खोडलेली कितीतरी वाक्यं माझ्याही मशीनमध्ये आहेत, मुलांनो. आजोबा गेले त्या वर्षीची तर पुष्कळ. मला अंग चोरून बसावंसं वाटलं.

बायको उलथनं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाहुण्याकडे बघत ती सावकाश बोलायला लागली. "माझ्या दुकानात एक बाई येती. दर चार-दोन महिन्यांनी येती. नवऱ्याच्या नावानं तक्रार लिव्हायला सांगती. मी टायपिती, ती रडत रडत सांगती. मारलेलं, घराबाहीर काढलेलं, समदं. सगळं झालं की म्हणती, आता पुसा. मी पुसती. मग ती तोंड धुती आन् घरी जाती. ते तुमाला पायजेल व्हय?"

"वहिनी, तसं पर्सनल काही आम्ही..."

"मग कसं?"

बायकोनं उलथनं दुसऱ्या हातात घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "कुलूप ऱ्हाऊ द्या." मग पाहुण्याला म्हणाली की पोळ्या झाल्यात, जेवल्याशिवाय जायचं नाही. तो खरोखर जेवला, दोनदा तूप घेतलं, आणि जाताना मला पुन्हा वाकून नमस्कार करून गेला.

गाडी गेली तशी पावलं गच्चीवर चढली. आता काहीच सुटलं नव्हतं. विकायचं नाही हे ठरलं, पण मग तिचं काय? ती पुन्हा इथे येणार नव्हती आणि हा पाळी सोडून घरी जाणार नव्हता. मी भांडी आवरत होते. काही वेळानं वर दुसरी पावलं उमटली. टाकीपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून दोरीपर्यंत, दोन माणसं. तिची पावलं जड आणि संथ, त्याची पुढे पळणारी आणि परत मागे येणारी. बोलणं ऐकू येत नव्हतं. ऊन उतरेपर्यंत ते चालले.

खाली आल्यावर ती पट्टी हातात घेऊन बघत होती. मला म्हणाली, "भोकं बक्कळ हायेत की हिला. मला सांगतेत, घरी यायचं तर पाळीला दुसरं कुणीतरी पायजेल. मग मी काय मेले का?" आणि बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन स्वतःला कुलूप घेऊन आली. लाल मिळालं नाही, पितळी आणलं.

रीत म्हणजे रीत. तिनं कुलूप लावल्याशिवाय हा आपली पाळी हलवायला तयार नव्हता, आणि लावणं म्हणजे काय ते त्यानं ठरवलं होतं: आलेल्या तक्रारींना तिला एकटीनं उत्तर देता आलं पाहिजे. चुकणारी माणसं तिनं जन्मभर दुकानात पाहिलेली, त्यामुळे ती भराभर शिकली. आधी तिचं उत्तर फक्त 'थांबा, बघते' एवढंच असायचं. पोर्तुगालवाल्यानं ते उद्धट आहे म्हणून कळवलं. तेव्हापासून तिची इंग्रजी वाक्यं फोनवरून माझ्याकडे तपासायला येतात. मी व्याकरण बघते आणि रागावलेलं असेल तर तसं सांगते. निम्म्या वेळा ती म्हणते, रागावलेलंच असू दे.

तो सुधारला असं मी लिहिणार नाही. तो घरी गेल्यावर मी खुटबावला एकदा जाऊन आले. तो उसाच्या बांधावरून हातात फोन घेऊन इकडून तिकडे चालत होता. शेतातल्या मोटरीची लाइट एक आठवडा दिवसाची असते आणि एक आठवडा रात्रीची, त्याप्रमाणे त्याच्या पाळ्या लागतात. तो मोटरीपाशी असला की प्लगिन तिच्याकडे, तिच्या दुकानात गर्दी असली की त्याच्याकडे. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यायची म्हटलं की अजून त्याला घास जात नाही. त्याचं इस्त्रीचं टेबल आता तिच्या दुकानात आहे. मला चहा देताना ती म्हणाली, जेवतात उभ्यानंच, पण घरात.

प्लगिन चालू आहे. त्याच्या पानावर सांभाळणाऱ्यांची दोन नावं आहेत, एक त्याचं, एक तिचं. आणि लोकांनी लिहून खोडलेलं त्यांच्या त्यांच्या मशीनवरच राहतं. ते अजून कुणाकडे गेलेलं नाही.